हायब्रिड गाडी जवळ आली हे कानाला कळावं कसं?

गिरणीवाला

नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. जन्मापासून दिसत नाही. मोबाइल वाचून दाखवतो, मी बोलतो, तो लिहितो. शुद्धलेखन त्याच्या हवाली.

घरून गिरणीत जायला मला कोणी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीला धरून निघायचं, मारुतीच्या पाराजवळ वळायचं, डांबरी रोड ओलांडला की गिरणी. ओलांडायचा तो कानांवर. ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी आहे की कापसानं भरली आहे हे दुरून सांगतो. रिकामी खडखडते, भरलेली गप्प असते आणि इंजिन दबून बोलतं. एसटी नाक्यावर वळताना गिअर टाकते. गावात कोणाच्या मोटरसायकलचं सायलेन्सर फुटलं हे त्या मालकाच्या आधी मला कळतं.

आता गावातल्याच एकाचा मुलगा नागपूरहून हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, घेऊन येतो. रोडवर जोरात असली तर ती बाकी गाड्यांसारखीच येते, टायर घासतात, हवा कापते. गावात शिरून हळू झाली की इंजिनच बंद. मागच्या महिन्यात पाराच्या वळणावर तिचा आरसा माझ्या कोपराला लागला तेव्हा कळलं की गाडी आहे. मग हॉर्न. माझा पाय नालीत. काच खाली करून पोरगा म्हणतो, "काका, दिसली नाही का गाडी?" मी म्हटलं, "बाप्पा, दिसली असती तर काठी काहून धरली असती?" पोरगा ओशाळला, उतरून हात धरून बाहेर काढलं. चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

विचारायचं हे की अशा गाड्यांना मुद्दाम आवाज लावतात असं रेडिओवर ऐकलं होतं. आपल्याकडे तसा नियम आहे का? नसेल तर बाहेरून स्पीकर बसवता येतो का? मुलगा खर्च करायला तयार आहे.

एक विनंती. "त्याला हॉर्न वाजवायला सांगा" हा सल्ला देऊ नका. हॉर्न म्हणजे फक्त "सरक". कुठं सरकू? गाडी डावीकडे आहे, थांबली आहे, की मागं जाते आहे, यातलं हॉर्न काहीच सांगत नाही. इंजिन सगळं सांगत होतं.

स्पॅनर

गिरणीवाले भाऊ, वर्ध्याला माझं गॅरेज आहे म्हणून आधी मशीनचं बोलतो. हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या चूप नसतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हात लावते, गाडी पेट्रोलवरच चालते, तिचा आवाज तुम्हाला येईलच. तुमच्या गावात येते ती स्ट्राँग हायब्रिड असणार. हळू वेगात ती एकट्या बॅटरीवर सरकते. बॅटरी उतरली किंवा जोरात पाय दिला की इंजिन सुरू. म्हणजे तीच गाडी सकाळी वाजेल आणि संध्याकाळी नाही. तुमच्या कानाला हे जास्त वाईट, कारण एकदा ओळखलेली गाडी पुन्हा तशी भेटेलच असं नाही.

मुद्दाम लावलेल्या आवाजाची यंत्रणा म्हणजे पुढच्या बंपरच्या आत एक स्पीकर आणि त्याला वेगाची खबर देणारा छोटा डबा. वेग वाढला की सूर चढतो, उतरला की उतरतो. पुष्कळ नव्या गाड्यांना कंपनीतूनच येते. त्या मुलाला आधी विचारा, त्याच्या गाडीला असेलही.

बाहेरून बसवायचं म्हणाल तर मी तरी बसवून देणार नाही. ऑनलाइन जे डबे मिळतात त्यातले बरेचसे चावी फिरवली की एकच सूर काढत बसतात, वेगाशी संबंध नाही. वेगाशी जोडायचं म्हटलं की गाडीच्या वायरिंगमध्ये शिरावं लागतं. हायब्रिडमध्ये नारिंगी वायर दिसली की हात मागं घ्यायचा, तिच्यात जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं. शिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच.

कलम_वाचणारा

नियमांचं मी सांगतो, नोकरीत तेच वाचत होतो.

जपाननं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्याच वर्षी टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीला असा आवाज वेगळा बसवून मिळू लागला. संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम २०१६ चा. त्यात गाडीपासून दोन मीटरवर माइक ठेवून मोजतात: १० किमी वेगाला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, मागं जाताना ४७. वरची मर्यादा ७५. म्हणजे कमीत कमी आवाज दोन माणसं साधं बोलतात त्याच्याहूनही थोडा हळूच. २० च्या पुढं आवाजाची सक्ती नाही, कारण तिथून टायर पुरेसे वाजतात असं धरलं आहे. सुरुवातीला चालकाला हा आवाज थांबवायचं बटण चालत होतं, नंतरच्या दुरुस्तीत ते काढून टाकलं. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलला आणि जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्ती झाली.

अमेरिकेचं तुम्हाला आवडेल. तिथं अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं हा विषय लावून धरला, जानेवारी २०११ मध्ये कायद्यावर सही झाली, मार्च २०२१ पासून पूर्ण अंमल. आणि तिथं ३० किमीपर्यंत तर आवाज हवाच, पण गिअरमध्ये उभी असलेली गाडीसुद्धा वाजली पाहिजे.

आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला: विजेवरच्या मोटारी, बस आणि मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून. मानक एआयएस-१७३. दुचाकी आणि ई-रिक्षा त्यात नाहीत. रस्त्यावर आलेल्या जुन्या गाड्यांना मागाहून बसवा असंही त्यात नाही.

बाहेरून काही लावण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वाचा. अनेक सुरांचे हॉर्न आणि कर्कश किंवा दचकवणारा आवाज करणारं कोणतंही साधन गाडीला लावायला मनाई आहे. रिव्हर्स घेताना आरती वाजवणाऱ्यांनी हा नियम कधी वाचला नसावा, ते सोडा.

धुऱ्यावरचा

मी त म्हणतो आवाज वाढवायची गोष्टच काढू नका जी. आधीच लग्नसराईत डीजेनं म्हशी दूध चोरतात.

पण गिरणीवाले भाऊ म्हणतात ते खरं हाय. आमची जोडी ट्रॅक्टरले भेत नाही. तो दुरून कळते, बैल कान टवकारते अन् आपसूक कडेले होते. हे चुपचाप गाडी एकदम शिंगापाशी येते ना, तवा बिचकते. मागच्या हंगामात कपाशीचे गाठोडे घेऊन वावरातून रोडवर चढलो, त एक गाडी बाजूनं सरपटत आली अन् डावा बैल जुवासकट उधळला. गाठोडे सारे नालीत.

आता हे सांगा, तो मशीनचा आवाज असते कसा? शिट्टीवानी असन त बैल त्यालेही बुजन. अन् माह्या मायले कमी ऐकू येते, तिले तुमचा स्पीकर काय कामाचा?

कलम_वाचणारा

धुऱ्यावरचे भाऊ, शिट्टी नसते. जड पंखा फिरल्यासारखी घूं घूं असते, निरनिराळ्या कंपन्यांची थोडी निराळी. म्हातारपणी आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. म्हणून त्या १३८ च्या नियमात आवाजाचा एक तरी पट्टा १६०० हर्ट्झ किंवा त्याच्या खालचा असावा अशी अट आहे. आईंना निदान तो भाग ऐकू येण्याची शक्यता जास्त. बैलांचा विचार कोणत्याही नियमात नाही.

अभ्यासाचंही सांगून ठेवतो. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये एक निष्कर्ष आला: तेवढंच अंतर धावताना विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी पादचाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या दुप्पट. हा काळ आवाजाच्या सक्तीच्या आधीचा. शहरात फरक ठळक होता, ग्रामीण भागात मात्र आढळला नाही.

गिरणीवाला

त्यांच्या खेड्यात रोडवरून माणसं चालत नसतील. आमच्याकडे रोडवर ज्वारी वाळते, पोरं खेळतात, म्हातारे बसतात, आणि फुटपाथ म्हणजे काय हे पोरांना पुस्तकातून समजवावं लागतं.

आशा_संध्या

काका, गावात चूपचाप येणारी मोटार एखादीच, इलेक्ट्रिक स्कूटर किती झाल्या ते पाहा! मीच चालवते. गरोदर बायांच्या भेटीला गल्लीगल्लीत जावं लागतं, आणि दारात निवडत बसलेल्या आजीबाई मी पाठीशी येईपर्यंत हलत नाहीत. नियमात दुचाकी नाही हे वर वाचलं आणि कपाळावर हात मारला.

मी काय केलं, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायची जुनी घुंगरमाळ घरी पडून होती, तिच्यातले थोडे घुंगरू काढून स्कूटरच्या पायदानाखाली बांधले. रस्ता खराब, त्यामुळे आपोआप वाजतात. पोरं "आली घुंगरूवाली" म्हणतात. म्हणू देत.

गिरणीवाला

संध्याताई, घुंगराची युक्ती मला हॉर्नपेक्षा कितीतरी पटते. वाजत वाजत जवळ येते, दूर जाते, थांबली की थांबते. एकच अडचण, आमच्या गल्लीत नवा सिमेंट रोड झाला आहे, त्यावर धक्काच बसत नाही तर घुंगरू वाजणार कसे! खराब रस्त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

आता गाडीचं. स्पॅनर भाऊ म्हणाले तसं रविवारी त्या मुलाला विचारलं. त्यानं मोबाइलवर गाडीचं पुस्तक शोधलं आणि म्हणतो, "काका, आवाजाचं लावलेलं आहे हो!" मग शाळेच्या मैदानात गेलो. मी मधे उभा, तो गोल फिरवतो. मैदान शांत होतं आणि घूं घूं मला स्पष्ट आली. वेग वाढवला की सूर चढतो हेही कळलं. थोड्या वेळात तो कोणत्या बाजूनं येतो हे बोट दाखवून सांगू लागलो. पोरं गोळा झाली, टाळ्या वाजवायला लागली, मग मात्र काही ऐकू येईना.

तिथून पारावर आलो. तिथं खरी गोष्ट कळली. माझी गिरणी भावाने सुरू ठेवली होती. पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर पारापर्यंत येते, तिच्यात त्या गाडीची घूं घूं पार बुडाली. वर सांगितलेले ते ५० डेसिबल गिरणीपुढं कुठं टिकणार? आणि गाडी उभी राहिली की तेवढंही बंद. मी बॉनेटला हात लावून उभा, आत माणूस बसलेला, गाडी गिअरमध्ये, आणि कानाला काही नाही. अमेरिकेतल्या लोकांनी उभ्या गाडीचा हट्ट का धरला ते त्या घडीला समजलं. आपल्या मानकातही तो यावा.

आवाज वाढवा असं मी म्हणणार नाही. धुऱ्यावरच्या भाऊंच्या म्हशी आहेत, आणि माझ्या गिरणीमुळे साऱ्या गावात डीजे वाढवायचा हे काही बरं नाही.

पण टायरचं डोक्यात राहिलं. मोटर विजेची असो की पेट्रोलची, टायर तर सगळ्यांनाच आहेत. आर्वीकडे जाताना फाट्याच्या आधी रोडवर ते पांढरे जाड पट्टे आहेत, एसटीत बसलं की दडदडदड होतं. ते रंबलर पाराच्या वळणाआधी दोन्ही बाजूंनी टाकले तर मोटार, स्कूटर, ई-रिक्षा, सगळ्यांची वर्दी लागेल. कंपनीच्या स्पीकरवर अवलंबून राहायला नको. स्पॅनर भाऊ, हळू वेगातही वाजतात का ते?

स्पॅनर

वाजतात, पण दबके. दोन चाकांचा ठेका वेगळा, चारचा वेगळा, तुम्हाला फरक लगेच कळेल. गिरणीच्या घरघरीतही ठोका घूं घूंपेक्षा बरा निघतो. पट्टे वळणाच्या फार जवळ टाकू देऊ नका, तुम्हाला थांबायला वेळ मिळाला पाहिजे. रोड सार्वजनिक बांधकामचा असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत अर्ज त्यांच्याकडे करा.

आशा_संध्या

ग्रामसभेत मांडा काका. आणि पट्टे घरांपासून जरा दूर. बाळंतिणीच्या खोलीशेजारी रात्रभर दडदड नको.

गिरणीवाला

हो जी. सरपंचांना सांगितलं आहे, मुलगा अर्ज टाइप करून देतो म्हणाला. उभ्या गाडीचा प्रश्न पट्ट्यांनी सुटत नाही हे माहीत आहे. गाडीवाल्या पोराशी एवढं ठरलं की पारावर गाडी उभी करायची तर बंद करून, दार उघडून बसायचं. दाराचा आवाज मला ओळखू येतो.

धुऱ्यावरचा

पट्टे पुऱ्या रोडवर आडवे टाकू नका म्हणा त्याइले. कडेले बैलगाडीपुरती जागा सोडा. गाठोडे भरलेले असले की माणूस वर बसलेला असते, दडदडीत तो खाली येईन.