गाडी कंपनीच्याच फायनान्सचं ७ टक्के कर्ज घ्यावं, की सूट घेऊन बँकेचं ९ टक्के?

मांजरीकर (प्रश्न)

पेट्रोल हॅचबॅक घ्यायची आहे. शोरूमने दोन पर्याय दिलेत. एक, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच फायनान्स कंपनीकडून ८ लाख, ७ टक्क्यांनी, ६० महिने. पण मग ४०,००० ची रोख सूट मिळणार नाही. दुसरा, सूट घ्या आणि कर्ज बाहेरून आणा. बँक ९ टक्के सांगते, कर्ज ७ लाख ६० हजारच लागेल. तीन वर्षांनी एफडी सुटते, तेव्हा कर्ज एकरकमी फेडायचा विचार आहे. व्याजात दोन टक्क्यांचा फरक म्हणजे खूप वाटतो. ही फायनान्स कंपनी इतकं स्वस्त कसं देते? आणि सही करण्याआधी काय काय बघू?

घटती_शिल्लक

दर बाजूला ठेवा, हप्ते काढून बघा.

८ लाख, ७ टक्के, ६० महिने: हप्ता १५,८४१.
७ लाख ६० हजार, ९ टक्के, ६० महिने: हप्ता १५,७७६.

म्हणजे ‘महाग’ कर्जाचाच हप्ता ६५ रुपयांनी कमी आहे. तुमच्या रकमेला आणि मुदतीला बरोबरी साधारण ३६,९०० रुपयांवर होते. सूट त्याहून जास्त मिळत असेल तर सूट घ्या, कमी असेल तर ७ टक्के घ्या.

आता स्वस्त कसं, ते. अशा फायनान्स कंपन्या बहुतेक एनबीएफसी असतात, म्हणजे कर्ज देणाऱ्या पण बँक नसलेल्या कंपन्या. बँकेसारखी बचत खात्यांची स्वस्त ठेव त्यांच्याकडे नसते. बँकांकडून कर्ज घेऊन किंवा डिबेंचर (कर्जरोखे) विकून पैसा उभा करतात. तो पैसा त्यांना बँकेपेक्षा स्वस्त पडत नाही. मग दोन टक्के कोण सोसतं? गाडी बनवणारी कंपनी. कर्ज वाटताना व्याजातल्या फरकाची आजची किंमत ती फायनान्स कंपनीला देऊन टाकते, काही योजनांत डीलरही वाटा उचलतो. याला सबव्हेन्शन म्हणतात. ८ लाखांवर ९ चे ७ करायला लागणारी रक्कम म्हणजे वरचेच ३६,९००. तुमची सूट तुम्हाला न देता व्याजात घातली जाते, एवढंच.

विक्रेता इन-हाऊस फायनान्सचा आग्रह धरतो त्याला आणखी एक कारण आहे. डीलरच्या आवारात उभ्या गाड्यांनाही बऱ्याचदा त्याच कंपनीचा पैसा लागलेला असतो. हे जुनंच आहे: जनरल मोटर्सने १९१९ मध्ये जीएमएसी ही स्वतःची फायनान्स कंपनी काढली ती ग्राहकांच्या हप्त्यांसाठी आणि डीलरच्या मालासाठी, दोन्हींसाठी.

तुमच्या बाबतीत खरा निर्णय मात्र मुदतपूर्व फेडीवर ठरेल. ३६ हप्त्यांनंतर ७ टक्केवाल्या कर्जाची शिल्लक सुमारे ३,५३,८०० असेल, बँकेच्या कर्जाची ३,४५,३००. समजा फायनान्स कंपनीच्या करारात फोरक्लोजर (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार) ५ टक्के आणि वर १८ टक्के जीएसटी लिहिलं आहे, तर आणखी २०,९०० जातील. बँकेचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, असेल तर वैयक्तिक कर्जदाराला हा आकार लागत नाही. फिक्स्ड असेल तर लागू शकतो. बँकेला नेमकं हेच विचारा. फ्लोटिंग निघालं तर तीन वर्षांअखेर हप्ते, शिल्लक आणि आकार मिळून तुम्ही साधारण ३१,७०० रुपयांनी पुढे असाल, दर तोच राहिला असं धरून.

चक्रवाढ

वरचं सगळं ‘घटत्या शिलकीवर’, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, ७ टक्के असेल तरच खरं. फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर, ७ टक्के असेल तर ८ लाखांवर पाच वर्षांचं व्याज २,८०,०००, हप्ता १८,०००, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने दर साधारण साडेबारा टक्के पडतो. शोरूममधल्या कागदावर १५,८०० च्या आसपासचा हप्ता दिसत नसेल तर तिथेच थांबा.

केएफएस, म्हणजे मुख्य माहितीचं पत्रक, सहीआधी मागा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ते किरकोळ कर्जांना बंधनकारक केलं आहे, एनबीएफसींनाही. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो. प्रोसेसिंग फी आणि फायनान्स कंपनीने तुमच्याकडून वसूल करायचा विमा त्यात धरावा लागतो. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करा. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्जदाराच्या आयुर्विम्याचा हप्ता गुपचूप मुद्दलात मिळवलेला सगळ्यात जास्त सापडतो: मागितलेले ८ लाख आणि मंजूर रक्कम ८ लाख १८ हजार, असा फरक दिसला की तोच.

पहिला हप्ता ‘अ‍ॅडव्हान्स’ घेत असतील तर तेही विचारा. हातात ७,८४,००० येतात आणि दर ८ लाखांचा सांगतात.

मांजरीकर

आभारी आहे. कागदावर हप्ता १५,८४१ च आहे, म्हणजे फ्लॅट नाही. फोरक्लोजर ५ टक्केच लिहिलंय. आता ते ‘हप्ता १४ हजारांच्या आत बसवून देतो, शेवटी २ लाख भरा’ असंही म्हणताहेत. आणि कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा उतरवायला काय लागतं?

घटती_शिल्लक

तो बलून हप्ता. ९ टक्के धरून ८ लाखांवर शेवटी २ लाख ठेवले तर हप्ता १३,९५५ होतो. सरळ कर्जात तो १६,६०७ असतो. पण दोन लाखांचं मुद्दल पाच वर्षं हलतच नाही, त्यामुळे एकूण व्याज १,९६,४०० ऐवजी २,३७,३०० जातं. तुमची एफडी तिसऱ्या वर्षी सुटते, पाचव्या नव्हे. तुम्हाला याचा उपयोग नाही. लवकर फेडायला गेलात तर शिल्लकही मोठी राहते आणि तिच्यावरचा ५ टक्के आकारही.

पासिंगवाला

बोजाचं सांगतो.

फोरक्लोजर पत्र मागताना पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी किमान दहा दिवस हातात ठेवा. एनएसीएचचा (खात्यातून आपोआप कापला जाणारा) हप्ता आधीच बँकेकडे गेलेला असला तर पैसे भरूनही तो कापला जातो आणि परताव्यासाठी मागे लागावं लागतं. कर्ज बंद झालं की हप्ता कापण्याची ही परवानगी, म्हणजे मँडेट, रद्द करून घ्या.

फायनान्स कंपनीकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती घ्या. एनओसीवर मुदत छापलेली असते, बहुधा ९० दिवस. ती उलटली तर नवीन काढावी लागते. चॅसी नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा, एका आकड्याच्या चुकीने अर्ज परत येतो. मग ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर हायपोथिकेशन टर्मिनेशनचा, म्हणजे बोजा उतरवण्याचा, अर्ज. विमा आणि पीयूसी चालू हवेत; थकलेल्या ई-चलानामुळे अर्ज अडू शकतो, ते आधी भरा.

कंपनीचं नाव बदललं असेल तर जास्त सांभाळा. टाटा मोटर्स फायनान्स मे २०२५ मध्ये टाटा कॅपिटलमध्ये विलीन झाली. अशा वेळी आरसीवर जुनं नाव आणि एनओसीवर नवं, असं होतं. विलीनीकरणाचा उल्लेख एनओसीतच करून मागा.

आरसी झाली म्हणजे संपलं असं नाही. विमा पॉलिसीवरूनही फायनान्सरचं नाव काढा. ते राहिलं आणि गाडी पूर्ण निकामी झाली, तर दाव्याचे पैसे आधी त्यांच्या नावाने निघतात. महिनाभराने सिबिल उघडून खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का बघा. दिसत नसेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. एनओसीच अडवून ठेवली, तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. त्याला फी नाही.