कातडीवर तोललेले शरीर : नागपूरकरांचे अनुभव

धरमपेठ, ग्रंथपाल (आवाहन करणारा)

गळ टोचून घेऊन शरीर अधांतरी लटकवणे, म्हणजे ज्याला आज जगभर बॉडी सस्पेन्शन म्हणतात, त्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा लांबून पाहणाऱ्याने लिहिलेले असते, आणि त्यात एक तर किळस असते किंवा चमत्काराची हाव असते. नागपुरात आणि आसपास आम्ही जेमतेम वीस-बावीस माणसे काही वर्षांपासून हे करतो किंवा करणाऱ्यांच्या सोबत उभे राहतो. ज्यांनी लटकून पाहिले, ज्यांनी दोर धरला, ज्यांना ते नकोसे झाले आणि ज्यांना घरातल्या कुणाचे हे वेड कळल्यावर धक्का बसला, अशा सर्वांनी लिहावे. नावे नकोत, वस्ती आणि व्यवसाय पुरे. करण्याची कृती मात्र कुणीही लिहू नये, कारण ही वाचून शिकायची गोष्ट नाही आणि एकट्याने करायची तर मुळीच नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो. काटोल रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत, आंबिया बहाराची तोडणी आटोपल्यावर रिकाम्या झालेल्या शेडमध्ये, डिसेंबरच्या एका सकाळी मी पहिल्यांदा लटकलो. माझे वजन ७२ किलो होते आणि पाठीच्या वरच्या भागात चार गळ होते, म्हणजे प्रत्येकावर सरासरी १८ किलो. या उभ्या पद्धतीला इंग्रजीत जे नाव रूढ आहे त्यात आत्महत्या हा शब्द येतो. तो आम्हाला नको होता, म्हणून आम्ही तिला नुसते ‘उभे’ म्हणतो आणि जमिनीकडे तोंड करून आडवे लटकण्याला ‘पालथे’. गळ कातडीतून आणि तिच्याखालच्या चरबीच्या थरातून जातो, स्नायूतून जात नाही. टोचण्याचे दुखणे क्षणाचे असते. कठीण असते ते त्यापुढचे, जेव्हा दोर ताणला जातो, कातडी तंबूच्या कापडासारखी पाठीपासून वर उचलली जाते, टाचा सुटतात, आणि चवडे मात्र जमीन सोडायला तयार होत नाहीत. मी त्या चवड्यांवर अकरा मिनिटे होतो, असे मला नंतर सांगण्यात आले. त्या अकरा मिनिटांत एकाही माणसाने मला धीर धर, सोडून दे, घाबरू नकोस असे म्हटले नाही. दोरावरचा सोबती मधूनमधून एवढेच विचारत होता, “वर, खाली, की आहे तसे?” आणि मी प्रत्येक वेळी “आहे तसे” म्हणत होतो. कधीतरी माझ्या तोंडून “वर” निघाले. पाय सुटले तेव्हा चार ठिकाणी वेगवेगळी होणारी जळजळ सगळ्या पाठीवर पसरली आणि तिची धार गेली. मी नऊ मिनिटे वर होतो. खाली आल्यावर मला हुडहुडी भरली, दात वाजू लागले आणि हसू आवरेना. कुणीतरी अंगावर घोंगडी टाकली आणि तोंडात संत्रा बर्फीचा तुकडा घातला. अंगातील ॲड्रेनॅलिन ओसरताना असे होते, हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे.

बुटीबोरी, कारखान्यात क्रेनवर रिगर

वर ज्या दोराचा उल्लेख आहे तो मी लावला होता, म्हणून त्यातले एक स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. चार गळांवर १८-१८ किलो हा हिशेब केवळ कागदावरचा आहे. माणूस लोखंडी पाइप नसतो. तो श्वास घेतो, मान वळवतो, झोका घेऊ लागतो, आणि त्या प्रत्येक हालचालीबरोबर भार एका गळावरून दुसऱ्यावर सरकतो. सगळे गळ एकाच सलग दोराने कड्यांमधून जोडले तर दोर सरकून भार आपोआप वाटला जातो. प्रत्येकाला स्वतंत्र दोर बांधला तर शरीर स्थिर राहते, पण लांबीत बोटभर चूक झाली तरी एकच गळ सगळे सोसतो. दुसरी बाब कोनाची. कारखान्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की दोन दोरांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर अर्धे नव्हे, पूर्ण वजन येते. हे सूत्र लोखंडाच्या कॉइलला जितके लागू आहे तितकेच माणसाच्या पाठीला, म्हणून वरची आडवी पट्टी पुरेशी रुंद नसेल तर मी त्या दिवशी कुणालाही वर घेत नाही. कप्पी, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) आणि छताचा गर्डर मी आदल्या संध्याकाळी वाळूची पोती टांगून तपासतो.

मी स्वतः तीनदा लटकलो आहे. परंतु मला विचाराल तर या सगळ्यात माझ्या मनाला लागलेली जागा ती नव्हे. चौदा वर्षे मी जी वजने उचलली त्यांतले एकही माझ्याशी बोलले नव्हते. येथे दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेले वजन “अर्धा इंच खाली” असे सांगते, आणि मी तेवढेच खाली घेतले की त्याचा श्वास मोकळा झालेला मला दोरातून हाताला कळतो.

मानेवाडा, परिचारिका

मी कधी लटकले नाही आणि लटकण्याची इच्छाही नाही. एका सहकारी मैत्रिणीमुळे मी प्रथम तेथे गेले ती वाद घालायला. नंतर असे ठरवले की ही मंडळी करणारच असतील तर निदान तपासणारे कुणीतरी तेथे असले पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, रक्त लवकर न थांबणारे, साखर ताब्यात नसलेले, गरोदर असलेले, यांना मी परत पाठवते, आणि यावर मतभेद होत नाहीत.

विदर्भात एक प्रश्न अधिकचा विचारावा लागतो, तो सिकलसेलचा. आपल्याकडे या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे आणि कित्येक वाहकांना आपण वाहक आहोत हे लग्न ठरेपर्यंत माहीतच नसते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा शरीरावर मोठा ताण आला, तर तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून रक्ततपासणीचा कागद पाहिल्याशिवाय मी होकार देत नाही. पहिल्या वर्षी एका मुलाला याच कारणाने मी नाही म्हटले तेव्हा तो रागावून निघून गेला. दोन महिन्यांनी त्याच्या आईला घेऊन तपासणीला आला. त्याला आजार निघाला, आणि धाकट्या बहिणीलाही.

उभे लटकलेल्या माणसाला घेरी येऊ लागली तर ती आधी तोंडावर दिसते: जांभया सुरू होतात, ओठ पांढरे पडतात, कपाळावर गार घाम येतो, आणि तो “कानात गुंगुं होते आहे” म्हणतो. त्या वेळी त्याची परवानगी विचारत बसायचे नसते. खाली घ्यायचे, आडवे करायचे, पाय उंच करायचे. गळ काढल्यावर कातडीखाली हवा अडकलेली असते आणि त्यावर बोट दाबले तर मुरमुरे चिरडल्यासारखा आवाज येतो. ती हवा चोळत चोळत छिद्रांकडे आणून बाहेर काढावी लागते. हे काम सावकाश करावे लागते, अर्धा तासही लागतो, आणि लोक सर्वांत जास्त बोलतात ते त्या वेळी. पालथे पडून, तोंड उशीत, पाठीवर कुणाचे तरी हात. वडिलांविषयी, नोकरी गेल्याविषयी, मूल न होण्याविषयी मी तेथे जे ऐकले ते वॉर्डातही फारसे ऐकलेले नाही.

सदर, पिअर्सिंगचा व्यवसाय

ताईंनी लिहिले त्यात एवढीच भर घालतो की आमचे गळ १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढल्याशिवाय वापरात येत नाहीत, आणि एप्रिल ते जून आम्ही काहीही करत नाही. पारा ४५ च्या वर गेलेल्या नागपुरात माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगातले पाणी आटते.

प्रतापनगर, गृहिणी

मला हे नरकचतुर्दशीच्या पहाटे कळले. मुलगा एकोणतीस वर्षांचा असला तरी त्या दिवशी त्याच्या पाठीला तेल मीच लावते. दिवा डाव्या हाताला होता, आणि माझ्या बोटांना खांद्याच्या खाली बारीक, टणक, जोडीजोडीने असलेल्या खुणा लागल्या. मी मोजल्या, आठ होत्या. मी उटणे लावले, आंघोळ घातली, ओवाळले, फराळाचे ताट वाढले आणि त्यानंतर विचारले. त्याने खोटे सांगितले नाही.

मी सहा महिने त्याच्याशी नीट बोलले नाही. नऊ महिने ज्या कातडीला मी पोटात जपले तिला हा भोके पाडून घेतो, हे मला सहन होत नव्हते, आणि आजही पूर्ण सहन होते असे मी लिहिणार नाही. पुढच्या हिवाळ्यात मी म्हटले, मला यायचे आहे. गोळाभात करून घेतला, कारण जिथे वीस माणसे सकाळपासून उपाशी असतील तिथे रिकाम्या हाताने जायचे नसते. गळ टोचताना मी बाहेर बागेत थांबले. आत आले तेव्हा तो जमिनीपासून हातभर वर होता आणि त्याचा चेहरा मी तो तीन-चार वर्षांचा असताना दुपारी झोपलेला पाहिला होता तसा होता. मी जाऊन त्याचे तळपाय धरले. ते थंड होते. त्या परिचारिका ताईंनी मला सांगितले, “काकू, धरा, पण ओढू नका,” आणि मी तसेच धरून राहिले.

जरीपटका, पदवीचा विद्यार्थी

मी एकदाच केले आणि मला ते आवडले नाही. दुखले, भीती वाटली, आणि इतरांना जे मिळाल्याचे वाचतो तसे काहीही मला मिळाले नाही. तरीही मंडळी माझ्याशी पूर्वीसारखीच वागतात, म्हणून लिहिले.

हिंगणा रस्ता, शाळेत शिक्षिका

माझे माहेर छिंदवाडा जिल्ह्यातले, त्यामुळे लटकणे हा शब्द माझ्यासाठी इंग्रजीतून आला नाही. आमच्याकडे गोंड समाजात होळीच्या सुमारास मेघनाथ नावाचा उत्सव होतो. उंच खांब उभे करतात, त्यांच्या माथ्यावर फिरणारे आडवे लाकूड असते, नवस बोललेल्या माणसाला त्या लाकडाला बांधून गोल फिरवतात, आणि खाली ढोल चालू असतात. पूर्वी पाठीत गळ घालत, आता कापडाने बांधतात. माझ्या आजोबांनी काकांच्या दुखण्यातून उठण्यासाठी बोललेला नवस असा फेडला होता. साताऱ्याकडे बावधनला रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचे बगाड, म्हणजे उंच शिडाचा गाडा, निघते, तिथेही बगाड्याला, म्हणजे नवस फेडणाऱ्याला, आता गळ न घालता बांधूनच शिडावर चढवतात, असे माझ्या सहकारी बाईंकडून कळले.

परंतु मला येथे एक हरकत नोंदवायची आहे. आमच्या गटातले काही जण उत्साहाने म्हणतात की आम्ही आपलीच जुनी परंपरा पुढे नेत आहोत. आजोबा स्वतःसाठी वर गेले नव्हते. ते दुसऱ्याच्या जिवासाठी, देवाला दिलेल्या शब्दासाठी आणि साऱ्या गावासमोर गेले होते. मी शेडमध्ये लटकले ती माझ्या स्वतःच्या इच्छेने, आणि मला त्याची लाज नाही, पण ती दोन कृत्ये एका नावाखाली घालू नयेत.

महाल, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक

बाईंच्या हरकतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि ती आणखी एका ठिकाणी लागू पडते. छातीत दोन गळ घालून लटकण्याला जगभरच्या सस्पेन्शनवाल्यांत ओकीपा म्हणतात. हे नाव अमेरिकेतील मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणाऱ्या मँडन लोकांच्या विधीचे आहे. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३२ मध्ये तो पाहून लिहिला आणि रंगवला. चार दिवसांच्या त्या विधीत सृष्टीची सारी कथा उभी केली जाई आणि लटकणे हा त्यातला एक भाग होता. पाचच वर्षांनी, १८३७ मध्ये, देवीच्या साथीत ते लोक जवळजवळ संपले. पुढे १८८३ च्या नियमांनी अमेरिकेच्या सरकारने तेथील मूळ रहिवाशांच्या सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी घातली, जशी आपल्याकडे १८६५ मध्ये बंगालमध्ये चरक या उत्सवात गळ टोचून लटकण्यावर आली होती. विसाव्या शतकात ज्यांनी हे आधुनिक रूपात आणले, त्यांतले फकीर मुसाफर हे नाव घेतलेले अमेरिकन गृहस्थ (१९३०–२०१८) मँडनांचे ऋण उघड मान्य करत. ऑस्ट्रेलियाचे कलावंत स्टेलार्क यांनी १९७६ ते १९८८ या काळात गळांवर लटकण्याचे जे प्रयोग केले त्यांत मात्र धर्माचा भाग नव्हता, शरीराची मर्यादा हाच त्यांचा विषय होता. आपल्या शेडमध्ये जे होते ते या दुसऱ्या वाटेच्या अधिक जवळचे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि म्हणून ज्यांचा विधी त्यांच्याकडून हिरावला गेला त्यांचे नाव आपण वापरू नये. गटाने ते मानले, याचा मला आनंद आहे. आता त्या पद्धतीला ‘छातीवर’ एवढेच म्हणतात.

अजनी, रेल्वेत नोकरी

आम्ही तमिळ, पण तीन पिढ्या नागपुरात. माझ्या मामांनी तमिळनाडूत मुरुगनसाठी, म्हणजे कार्तिकेयासाठी, परवै कावडी घेतली आहे. परवै म्हणजे पक्षी, पाठीत आणि पायांत गळ घालून पालथे लटकायचे. त्याआधी कित्येक दिवसांचे व्रत असते. मामांना मी येथले सांगितले तेव्हा त्यांनी दुखते का हे विचारले नाही. “आधी उपास करता का?” एवढेच विचारले. आम्ही करत नाही, हे सांगताना मला अवघडल्यासारखे झाले.

खामला, औषधविक्रेता

मला गटाने नाही म्हटले, त्याविषयी लिहितो. भाऊ अपघातात गेल्यानंतर सव्वा महिन्याने मी त्यांच्याकडे गेलो आणि लगेच, त्याच रविवारी, जास्तीत जास्त वेळ लटकायचे आहे असे सांगितले. धरमपेठच्या दादांनी मला दोन तास बसवून ऐकून घेतले. ते म्हणाले की ज्याला दुखवून घ्यायचे आहे त्याला आम्ही वर घेत नाही, तुम्ही दोरावर या. मला तो अपमान वाटला. तरीही गेलो, कारण त्या दिवसांत रविवारी घरात बसणे मला अशक्य होते.

बुटीबोरीच्या दादांनी मला दोर धरायला शिकवले: तळवा कुठे, अंगठा कुठे, नजर दोरावर नव्हे तर वर गेलेल्या माणसाच्या तोंडावर. पहिले तीन महिने मी फक्त वाळूची पोती वर-खाली केली. आता चौथा हिवाळा चालू आहे. मधल्या काळात दोनदा मला विचारण्यात आले की आता लटकायचे आहे का, आणि दोन्ही वेळा मी पुढच्या खेपेला पाहू असे म्हटले. प्रतापनगरच्या काकूंनी ज्या दिवसाविषयी लिहिले आहे त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दोर माझ्या हातात होता. त्यांनी तळपाय धरले तेव्हा दोरावरचा भार किंचित कमी झाला. त्या न कळत त्याला खालून उचलून धरत होत्या. मी दोर ढिला केला नाही, आणि त्यांना सांगितलेही नाही.