मदत हवी आहे: 1984 च्या हायलक्सला 2 इंच लिफ्ट आहे, आणखी 2 इंच कशी मिळवावी?

चिखलवाट
गाडी 1984 ची टोयोटा हायलक्स, फोर व्हील ड्राइव्ह. पुढे-मागे सलग एक्सल आणि पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा). पुढच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) मागच्या टोकाला आहेत. आधीच्या मालकाने 2 इंच उंच पाटे बसवलेत, शॉकअप त्याच मापाचे. टायर 31 इंची आहेत, 33 घालायचे आहेत. सध्या तीन पर्याय डोक्यात आहेत: पुढे लांब शॅकल, मागे ब्लॉक (एक्सल आणि पाट्याच्या मध्ये घालायचा ठोकळा) किंवा दोन्हीकडे एकेक जास्तीचं पान. यातलं काय टिकेल? आणि पाट्यांखेरीज आणखी काय काय बदलावं लागेल?

पाटाबुश
आधी मोजमाप घ्या. गाडी सपाट जमिनीवर, रिकामी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर लिहून काढा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात येते. डावी-उजवी बाजू अर्ध्या इंचाहून जास्त वेगळी निघाली, तर जुने पाटे बसलेत (दबून सपाट झालेत) असं समजा. बसलेल्या पाट्यांवर नवी उंची चढवू नका.

आता तुमचे तीन पर्याय.

शॅकल: शॅकलची लांबी जेवढी वाढते, त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली येतं. 2 इंचांसाठी शॅकल 4 इंचांनी जास्त लांब लागेल. तो आडवा लवतो आणि वळणावर गाडी बाजूला हलते. शॅकलमधून अर्धा-पाऊण इंच घेणं ठीक, त्यापलीकडे नको.

ब्लॉक: पुढच्या एक्सलला कधीही नाही. ब्रेक दाबताना एक्सल फिरायला बघतो, ब्लॉक निसटला तर स्टिअरिंग हातातून गेलं. मागे एकच ब्लॉक चालतो, एकावर एक दोन नाही. पण ब्लॉक जितका उंच, तितकी एक्सलला पाटा पिळायची ताकद जास्त मिळते. जोर लावताना मागून दणके बसतात आणि प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, जातात.

जास्तीचं पान: बसलेला पाटा सावरायला उपयोगी. आखूड पान घातलं तर ते जिथे संपतं तिथेच वरच्या पानांवर सगळा ताण येतो आणि पाटा तिथेच तुटतो. लांब पान बरं, तरी पाटा कडक होतो आणि चाक खाली लोंबायचं प्रमाण घटतं.

माझं मत स्पष्ट आहे. 4 इंची पाट्यांचा पूर्ण नवा संच घ्या, पुढे आणि मागे दोन्हीकडे. 2 इंचांवर 2 इंचांचा जुगाड करू नका.

गिअरलिव्हर
सहमत. त्याआधी एक हिशेब मांडा. 31 वरून 33 वर गेल्यावर एक्सल फक्त 1 इंच वर जातो, कारण व्यासातले 2 इंच त्रिज्येत 1 होतात. सस्पेन्शनची लिफ्ट डिफरन्शियलला (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) जमिनीपासून एक मिलिमीटरही उचलत नाही, ती फक्त टायरला जागा करून देते. ती जागा थोडी मडगार्ड कापून आणि थोडी बंप स्टॉप (एक्सल वर येताना अडवणारं रबर) लांबवूनही मिळते. टायर नेमका कुठे घासणार ते आधी बघा: एक चाक जॅकवर पूर्ण वर, त्याच एक्सलचं दुसरं लोंबतं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत.

चिखलवाट
मोजलं. पुढे डावी बाजू उजवीपेक्षा 18 मिलिमीटर खाली आहे, म्हणजे पाटे बसलेत. पूर्ण संच घेतो. शाफ्ट आणि कास्टरचं (चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकण्याचं) काय? सगळीकडे वाचतो की लांब शॅकलने कास्टर कमी होतो.

गिअरलिव्हर
ते शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाड्यांना लागू. तुमचे शॅकल मागे आहेत, त्यामुळे लांब शॅकलने उलट होतं: पाट्याचं मागचं टोक खाली येतं, एक्सलचा वरचा भाग मागे झुकतो, कास्टर वाढतो. स्टिअरिंग सरळ यायला बरं. पण पुढच्या एक्सलचा पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो गिअर) मागे बघतो, तो त्याच वेळी खाली वळतो. साधारण 1100 मिलिमीटर लांबीच्या पाट्याचं टोक 50 मिलिमीटर खाली आलं, तर एक्सल अडीच अंशांहून थोडा जास्त फिरतो. दोन साधे क्रॉस असलेल्या शाफ्टला ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचं) टोक आणि पिनियन एकमेकांना समांतर लागतात, साधारण 1 अंशाच्या आत. ते बिघडलं की ठरावीक वेगाला थरथर सुरू होते.

पाट्याखाली पाचर घालून पिनियन वर करता येतो, पण नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) आणि पिनियन एकाच हाउसिंगवर आहेत. पिनियन जितके अंश वर, कास्टर तितकाच कमी. पाचर पोलादाची घ्या, ॲल्युमिनियमची चिरते. सेंटर बोल्टही (पाट्याची पानं एकत्र धरणारा) पाचरीच्या जाडीइतका लांब लागेल.

शाफ्टची लांबी: मागचा एक्सल पूर्ण लोंबत सोडा आणि सरकत्या जोडात स्प्लाइन (खाचा असलेला दांडा) किती आत राहते ते बघा. निदान स्प्लाइनच्या व्यासाइतकी तरी आत हवी. कमी असेल तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घ्या. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेटही खाली घ्यावा लागतो.

डबकं_33
पुढच्या स्टिअरिंगकडे कोणी बघितलं नाही. या गाडीत ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) लांबीच्या दिशेने, पुढे-मागे चालते. 4 इंचांना ती इतकी तिरपी होते की खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप वळते. आडव्या ड्रॅग लिंकचं स्टिअरिंग बसवणं हाच खरा उपाय. बजेट कमी पडत असेल तर शॉकअप स्वस्त घ्या, पण हे टाळू नका. नकलवरच्या स्टिअरिंग आर्मचे स्टडही मॅन्युअलच्या टॉर्कने तपासा. मोठ्या टायरने ते सैल होतात, आणि सैल राहिले तर तुटतात.

पाटाबुश
ब्रेक राहिलेच. मागच्या एक्सलला जोडलेला दांडा असतो, तो भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला लागतो. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कापतो. पुढचे ब्रेक तापतात, थांबायचं अंतर वाढतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्सलकडचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच वर घ्या. एक्सल लोंबता असताना ब्रेकचा होज (रबरी नळी) ताठ होता कामा नये, पुढे तर स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघा. ताठ होत असेल तर लांब होज.

शॉकअपची लांबी कॅटलॉगवरून ठरवू नका. पाटे बसवल्यावर चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन मोजा. बंप स्टॉपला टेकल्यावरही शॉकअपमध्ये 15-20 मिलिमीटर शिल्लक हवेत, नाहीतर दणका माउंटवर बसतो.

चिखलवाट
यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) जुनेच वापरले तर? लांबी पुरते आहे असं दिसतं.

पाटाबुश
नाही. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, दुसऱ्यांदा तो तशी पकड देत नाही. नवे घ्या, पट्टी आणि नटसकट. आवळताना कर्णरेषेत, थोडं थोडं. आणि शॅकलचे व डोळ्याचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच अंतिम आवळा. गाडी टांगलेली असताना आवळले तर रबर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. यू-बोल्ट 100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कवर तपासा, मग 500 ला. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी खाली करून घ्या, 4 इंचांनी तो समोरच्याच्या डोळ्यात जातो.