निळा देवमासा की हिला मॉन्स्टर?

निवडुंग:
निसर्गातलं आश्चर्य म्हटलं की लोक लगेच निळा देवमासा काढतात. 30 मीटर लांबी, दीडशे टन वजन, की जोडले हात! माझं मत हिला मॉन्स्टरला. अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातला हा विषारी सरडा, जेमतेम दीड-पावणेदोन फुटांचा. बहुतेक आयुष्य बिळात. अंडी, घरट्यातली पिल्लं, असं वर्षातून पाच-दहा वेळा पोटभर मिळालं तरी भागतं. एरवी शेपटीत साठवलेल्या चरबीवर काढतो. देवमाशाला दिवसाला काही टन क्रिल (कोळंबीसारखे चिमुकले जीव) हवं. कमीत भागवणारा श्रेष्ठ की ओरपणारा?

खलाशी:
साफ असहमत. देवमासाही हंगामात खाऊन घेतो आणि लांबच्या प्रवासात अंगावरची चरबी जाळतो. शिवाय शरीर वाढलं की दर किलोमागे लागणारी ऊर्जा कमी होते. दीडशे टन उंदीर पोसायला काय लागेल, करा हिशेब! कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाला यंत्र चिकटवून हृदयाचे ठोके मोजले होते, 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बुडी मारल्यावर ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरले, वर श्वास घ्यायला आल्यावर 37 पर्यंत चढले. हा उधळ्या?

गोडबोले_शुगरवाले:
आम्हा मधुमेहींचं मत सरड्याला. जॉन एंग या अमेरिकी संशोधकांना 1992 मध्ये त्याच्या विषात एक्सेंडिन-4 नावाचं संप्रेरक सापडलं. जेवणानंतर आपल्या आतड्यातून साखर आटोक्यात ठेवणारं जे जीएलपी-1 संप्रेरक सुटतं त्याच्यासारखंच, पण आपलं मिनिटांत मोडतं आणि हे टिकतं. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाला अमेरिकेत 2005 मध्ये परवानगी मिळाली. (हल्ली गाजणारं सेमाग्लुटाइड त्याच गटातलं, पण ते सरड्याच्या विषातून काढत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी नोंद घ्यावी.)

खलाशी:
उपयोगाची फूटपट्टी लावू नका राव, देवमाशाला तीच लावली होती. साबण आणि मार्गारीनसाठी तेल हवं म्हणून 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिकात 29 हजारांवर निळे देवमासे मारले. बंदी आली 1966 मध्ये, तोवर जवळपास संपलेच होते. उलट तुमच्या सरड्याला अ‍ॅरिझोनाने 1952 मध्येच संरक्षण दिलं, औषधाचा पत्ता नसताना.

मीनल_टूसॉन:
इथे अ‍ॅरिझोनात पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या अंगणाच्या भिंतीलगत एक आला होता. काळ्या अंगावर नारिंगी-गुलाबी मणी ओवल्यासारखे खवले, दुभंगलेली काळपट जीभ जमिनीला लावत, अजिबात घाई नाही. नागासारखा डसून मोकळा होत नाही हा. विषाच्या ग्रंथी खालच्या जबड्यात, दातांना खाचा. पकड घट्ट धरून चावत चावत विष मुरवतो. माणूस सहसा मरत नाही, पण वेदना भयंकर. आणि एक गंमत: सोनोरा वाळवंट ज्या कॅलिफोर्नियाच्या आखाताला भिडतं, त्याच आखातात हिवाळ्यात निळे देवमासे येतात. शेजारीच की!

निवडुंग:
शेजारी असतील, पण कौतुक एकाचंच. 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला तर बघायला गाव लोटलं. तेच घोरपड दिसू दे, आधी दगड शोधतात. बिचारी विषारीसुद्धा नसते, तरी.

खलाशी:
घोरपडीबाबत सहमत. पण गाव लोटलं म्हणून तो देवमासा वाचला नाही. आणि ऊर्जेच्या मुद्द्याला तुम्ही सोयीस्कर बगल दिलीत. उंदरांचा हिशेब कुठाय?