उजव्या बाजूची फेअरिंग घासली आणि बेंडपाइपजवळ फुगली: दुरुस्त करावी की बदलावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझ्याकडे पूर्ण फेअरिंगची (म्हणजे बाजूंनी प्लास्टिकच्या पॅनेलचे आवरण असलेली), लिक्विड कूल्ड इंजिनाची 250 सीसी मोटरसायकल आहे. गळिताच्या हंगामात तासगावहून सांगलीकडे येताना कवलापूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर आलेला होता. त्यावरून गाडी उजव्या बाजूला आडवी होऊन काही अंतर घसरत गेली. मला दुखापत झाली नाही. वरच्या पॅनेलवर लांब ओरखडे आले, त्यांतले काही नखाला लागतात आणि दोन ठिकाणी रंगाखालचे काळे प्लास्टिक उघडे पडले आहे. खालच्या पॅनेलची बसवणीची एक खुंटी तुटली होती, ती एका गॅरेजमध्ये चिकटवून घेतली.

आता उन्हाळा सुरू झाल्यावर नवीच अडचण दिसू लागली आहे. खालच्या पॅनेलचा बेंडपाइपजवळचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपजवळचा) तळहाताएवढा भाग वरखाली झाला आहे, रंगाला फोड आले आहेत आणि आतल्या बाजूने प्लास्टिक तपकिरी पडले आहे. एका कारागिराच्या मते पुट्टी भरून वरून सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा रंग मारला की काम होईल; दुसऱ्याच्या मते दोन्ही पॅनेल बदलल्याशिवाय इलाज नाही. यातले काय वाचवता येईल आणि विम्यातून काही मिळेल का, हे जाणकारांनी सांगावे.

प्लास्टिक वेल्डिंग, मिरज

दादा, आपण दोन नुकसानींचा प्रश्न एकत्र विचारला आहे, पण त्या मुळातच वेगळ्या आहेत. ओरखडा एकदा पडला की तिथेच थांबतो. उष्णतेने झालेली खराबी मात्र कारण दूर होईपर्यंत रोज थोडी पुढे सरकत राहते, आणि आपण नवे पॅनेल आणून बसवले तरी ते त्याच जागी, त्याच पद्धतीने फुगेल. म्हणून रंगाचा विचार तूर्त बाजूला ठेवून पॅनेल पाइपच्या इतके जवळ का गेले, हे आधी शोधावे.

फेअरिंगची रंगीत पॅनेल बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकची असतात आणि हे प्लास्टिक साधारण 105 अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. बेंडपाइपचा पृष्ठभाग चालत्या गाडीत काही शे अंशांपर्यंत तापतो. तरीही एरवी पॅनेल टिकते, याचे कारण दोघांमधली मोकळी जागा आणि तिथून वाहणारी हवा. पडल्यावर ही जागा अनेक प्रकारे कमी होते. फेअरिंगचा स्टे (आधाराची दांडी) किंवा ब्रॅकेट किंचित वाकतो. रबर ग्रोमेटच्या (बोल्टच्या भोकातल्या रबरी कड्याच्या) आतला धातूचा कॉलर, म्हणजे छोटी नळी, हरवला तर बोल्ट आवळताना पॅनेल आत ओढले जाते. चिकटवलेली खुंटी मूळ लांबीची राहत नाही. माझा पहिला संशय आपल्या त्या चिकटवलेल्या खुंटीवरच आहे.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी पूर्ण थंड असताना कणकेचे छोटे गोळे पॅनेलच्या आतल्या बाजूला, पाइपसमोर तीन-चार ठिकाणी चिकटवावेत, पॅनेल नेहमीसारखे सगळे बोल्ट आवळून बसवावे, मग काढून गोळ्यांची उरलेली जाडी पाहावी. जिथे गोळा पार चेपला असेल तिथेच फोड असतील, तर कारण सापडले. जागा पुरेशी असूनही फोड आले असतील, तर पाइपच्या जोडाजवळ काळी काजळी दिसते का ते पाहावे. पडताना पाइप हलून गॅस्केट गळू लागली असेल, तर गरम वायूचा झोत थेट पॅनेलवर येतो आणि तिथे कोणतेही प्लास्टिक टिकणार नाही.

आता दुरुस्तीविषयी. आतल्या बाजूला >ABS< किंवा >PP< असा ठसा असतो, तो आधी वाचावा; पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लास्टिक. ठसा पुसला असेल तर कडेचा बारीक तुकडा पाण्यात टाकावा: एबीएस बुडते, पीपी तरंगते. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये घोळवून केलेली लापशी भेगेत भरता येते. पीपीवर हा उपाय चालतच नाही, ते त्याच जातीच्या कांडीने वेल्ड करावे लागते. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडल्याशिवाय कोणतेही भराव-काम सुरू करू नये, नाहीतर भेग रंगाखालून पुढे जाते. लापशी भरल्यावर घाई करू नये, कारण आतले ॲसिटोन उडून जाईपर्यंत ती आकसत राहते आणि लवकर रंग दिला तर भेगेची रेघ काही दिवसांनी वर खळगा होऊन दिसते.

वाकलेला भाग हीट गनने मऊ करून आकारात आणता येतो, पण पूर्ण नाही. साच्यात दाबून केलेल्या प्लास्टिकमध्ये ताण कोंडलेले असतात, उष्णतेने ते सुटतात आणि तो भाग आकसतो. जिथे प्लास्टिक तपकिरी पडले आहे तिथे तर सरळ करण्यात अर्थ नाही. एबीएसला चिवटपणा देणारा रबरी घटक तिथे जळालेला असतो आणि तो भाग पुढे बोटाच्या दाबानेही तडकू शकतो. तेवढा भाग कापून जुन्या एबीएस पॅनेलचा तुकडा आतून वेल्ड करावा. वेल्डिंग उघड्यावर करावे, त्या धुराचा त्रास होतो.

रंगकाम, सातारा

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि रंगाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग सिलिकोनवर आधारित असतो आणि तो पक्का होण्यासाठीच त्याला साधारण 200 अंशांच्या आसपास तापवावे लागते. तेवढ्या तापमानाच्या कितीतरी आधी पॅनेल वितळेल. म्हणजे तो पॅनेलवर मारला तर कच्चाच राहणार, पेट्रोल सांडले की निघून येणार, आणि खालच्या प्लास्टिकला उष्णतेपासून कणभरही वाचवणार नाही. हा खर्च करू नये.

वरच्या पॅनेलसाठी एक परीक्षा करावी: ओरखड्यावर पाणी लावावे. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आहे आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवून कंपाउंडने निघतो. नखाला लागणारे आणि काळे प्लास्टिक दिसणारे ओरखडे भरावेच लागतील. तिथे पत्र्यासाठीची कडक पुट्टी न वापरता प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी मागून घ्यावी, कारण पॅनेल चालताना थरथरते आणि कडक पुट्टी कडेने सुटते. त्यानंतर 400 नंबरचा पेपर, मग प्राइमर (रंगाखालचा अस्तर-थर), मग 800 ते 1000 नंबरचा ओला पेपर, बेस रंग आणि शेवटी हार्डनर मिसळलेले क्लिअर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याच्या फवाऱ्यापासून साधा रुमाल वाचवत नाही. योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा हवीच. पॅनेल पीपीचे असेल तर प्राइमरच्या आधी प्लास्टिक ॲडहेशन प्रमोटरचा हात द्यावा, नाहीतर रंग सालीसारखा निघतो.

स्टिकर क्लिअरच्या खाली असतील तर घासण्यापूर्वीच नवे मिळतात का ते पाहून ठेवावे. अर्धे घासल्यावर ही चौकशी करणाऱ्यांची गाडी महिनोन्‌महिने प्राइमरवर फिरताना मी पाहतो.

विमा सर्वेक्षण, सांगली

आपली पॉलिसी सर्वसमावेशक असेल, तर अपघाताने घासलेल्या पॅनेलचा दावा बसतो. केवळ तृतीय पक्षाची असेल तर काहीच मिळत नाही. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा धरला जातो, म्हणजे नव्या पॅनेलच्या किमतीचा निम्मा भार आपल्यावर येतो. झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतलेली असेल तर हा घसारा लागत नाही. दावा केला की जमलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून एका पॅनेलसाठी दावा करण्यापूर्वी दोन्ही रकमा शेजारी मांडून पाहाव्यात.

उष्णतेच्या फोडांबाबत मात्र मी आपल्याला आशा दाखवणार नाही. झीज आणि अपघातानंतर ओघाने होणारी हानी पॉलिसीत वगळलेली असते, आणि पडल्यानंतर गाडी वापरत राहिल्याने हे फोड आले असे सर्वेक्षकाला दिसणारच. शिवाय खुंटी आधीच चिकटवून घेतल्याने मूळ नुकसान पाहण्याची संधी राहिलेली नाही. अपघात झाला की आधी कंपनीला कळवावे, पाहणी होऊ द्यावी, मगच पाना लावावा.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. कणकेचे गोळे लावून पाहिले. फोडांच्या जागी गोळा कागदाइतका चेपला, बाकी ठिकाणी बोटभर जाडी राहिली. ग्रोमेट उघडून पाहिला तर आत कॉलर नाही. जोडावर काजळी नाही. पॅनेल एबीएसचे आहे. कॉलर बसवल्यानंतर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली तर चालेल का? हार्डवेअरच्या दुकानात छपराची गळती थांबवायची चांदीसारखी पट्टी मिळते.

प्लास्टिक वेल्डिंग, मिरज

ती पट्टी अजिबात लावू नये. तिच्या पाठीला डांबर असते, ते तापून ओघळेल आणि पाइपवर पडले तर पेट घेऊ शकते. काचतंतूच्या कापडावर ॲल्युमिनियम चढवलेली, उष्णतेसाठीची म्हणून विकली जाणारी पट्टी घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा पॅनेलपासून थोडा सुटा, वॉशरच्या थप्पीवर बसवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळते. रेडिएटरमागून हवा बाहेर पडायच्या फटी मात्र झाकू नयेत. बाजारपेठेतल्या संथ गर्दीत पंखा सुरू झाला की सगळी गरम हवा तिथूनच जाते.

क्रम असा ठेवावा: आधी कॉलर आणि खुंटी, मग पुन्हा कणकेची तपासणी, मग जळालेला भाग कापून तुकडा बसवणे. त्यानंतर रंग न देता गाडी दुपारच्या उन्हात विश्रामबागपर्यंत नेऊन आणावी, लगेच पॅनेल काढून तुकड्याच्या कडा पाहाव्यात, आणि कडा जागच्या जागी असतील तरच ते रंगायला द्यावे.