मदत हवी आहे: पीएचडीच्या मुलांना साध्या मराठीत बोलतं कसं करावं?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्याकडे सहा संशोधक विद्यार्थी आपापलं काम लोकांना सांगणार आहेत. प्रत्येकी दहा मिनिटं, मराठीत. ऐकायला शाळेची मुलं, पालक आणि काटोल-कळमेश्वरकडचे काही कास्तकार. तयारी करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी पार अडकले आहे.

परवा पहिली तालीम झाली. एक मुलगा गुलाबी बोंडअळीवर काम करतो. त्याने सुरुवातच केली, "पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या कीटकामध्ये क्राय प्रथिनांविरुद्ध विकसित झालेल्या प्रतिकारक्षमतेचा..." आमचे शिपाई काका दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांची गावाकडे चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे. पाच मिनिटं कशीबशी कळ काढून म्हणाले, "सर, तुम्ही डोमकळीवाल्या अळीचं सांगून राहिले काय? मग तसं म्हणा ना बाप्पा!" (शहरातल्यांसाठी: ही अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, आतून चिकटून मिटलेल्या राहतात. ती डोमकळी.)

गंमत म्हणजे हा मुलगा स्वतः यवतमाळकडचा. 2017 च्या बोंडअळीत त्याच्या घरच्यांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली होती, म्हणून तर तो या विषयाकडे वळला. हे मला चहा पिताना कळलं. भाषणात एक शब्द नाही. का, तर "मॅडम, ते सायंटिफिक नाही ना."

भाषा सोपी करू म्हटलं, तर वेगळाच घोळ झाला. 'प्रतिकारक्षमता' काढून त्याने 'अळीला बीटीची सवय झाली' असं केलं. (बीटी म्हणजे कापसाचं असं वाण, जे अळीला मारणारं विष, तेच ते क्राय प्रथिन, स्वतःच तयार करतं.) ऐकायला छान, पण चूक. एकाही अळीला सवय होत नाही. ज्या मोजक्या अळ्या जन्मतःच बीटीचं विष पचवू शकतात त्या वाचतात, बाकीच्या मरतात, आणि पुढची पिढी वाचलेल्यांची. हे खोटं न बोलता दोन वाक्यांत कसं सांगायचं?

दुसरी मुलगी पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करते. लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा लोकांना समजावी म्हणून मीच तिला उपमा दिली: गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम, म्हणजे साधारण पाव चमचा मीठ मावेल एवढं. त्यावर आमच्या ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "एवढंसंच? मग कशाला घाबरायचं?" झालं, उपमेने विषयच मारला.

त्यात एका मुलाच्या गाइडचं म्हणणं, इतकं सोपं केलं तर ते संशोधन राहतच नाही. त्यांच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही, पण मुलगा मध्ये अडकलाय.

असं काम कोणी केलंय का? कृपया 'सोपं बोला, गोष्ट सांगा' एवढ्यावर थांबू नका. ते मलाही ठाऊक आहे.

पऱ्हाटीवाला:
मॅडम, मी कास्तकार माणूस, शिक्षण बारावी. तुमच्या पोराला सांगा, आम्ही ज्वारीची चांगली कणसं बियाण्यासाठी राखतो, तसं बीटीच्या वावराने अळीचं बियाणं राखलं. वाचली ती बियाण्याला गेली. 'सवय'पेक्षा हे आम्हाला लवकर समजते.

आणखी एक. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटीचं 120 ग्रॅमचं लहान पाकीट यायचं. आम्ही ते पेरतच नव्हतो, खोटं कशाला बोलू. कशासाठी देतात ते कोणी नीट सांगितलंच नाही. पोराने तेवढं सांगितलं तरी माझ्यासारखे लोक जागचे हलणार नाहीत.

निवृत्त_मास्तर:
मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत तीस वर्षं हेच केलं. माझा एकच नियम: भाषण झालं की ऐकणाऱ्याला विचारा, "आता तू घरी जाऊन आईला काय सांगशील?" तो जे सांगेल तेच तुमचं भाषण. 'समजलं का' असं विचारू नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात.

फ्लोराइडचं: मर्यादा समजावून काही हाती लागत नाही. लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'उकळून प्यायलं तर चालेल का?' तिथून सुरू करा. उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे पाणी उलट जास्त वाईट. मग दातांवरचे डाग, हाडं, आणि 'थोडंसं, पण लहानपणापासून रोज' हा मुद्दा. शेवटी पाण्यातलं फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत. ती आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली, हे ऐकल्यावर पालक सरसावून बसतात. पाव चमचा विसरा.

लॅबमधली_उंदीर:
गाइडसाठी: ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, ती आता जगभर होते. आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानेही 2018 पासून 'अवसर' योजनेत पीएचडीवाल्यांकडून त्यांच्याच संशोधनावर सोप्या भाषेत लेख मागवले, बक्षिसं दिली. हे सरांना दाखवा. सरकारी योजनेचं नाव ऐकलं की पुष्कळ गाइड विरघळतात 😀

एक स्लाइड, त्यावर एकच चित्र. बोंडअळीवाल्याला किडकं बोंड हातात घेऊन उभं करा. फेब्रुवारीत फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या, पऱ्हाटीवर हवी तेवढी मिळतील.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पऱ्हाटीवाले भाऊ, 'अळीचं बियाणं' मुलाला वाचून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "माझा बाबा असंच म्हणाला असता." लहान पाकिटाचं त्याने लगेच लिहून काढलं: बिगरबीटीच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांची सोयरीक बीटी पचवणाऱ्यांशी व्हावी, म्हणजे होणारी पोरं बीटीच्या झाडावर टिकणार नाहीत. प्रतिकाराचं जनुक अप्रभावी असतं, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच चालतं, म्हणून हे जमतं, तेवढी एक ओळ मी त्याला ठेवायला लावली. सोयरिकीवर शिपाई काका इतके हसले की ते वाक्य आता कोणी काढणार नाही.

शेवटी 'मग मी काय करू' याचं उत्तरही जोडलंय: फरदड घेऊ नका, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की फवारणीचं बघा.

फ्लोराइडवाली मुलगी उकळण्यापासून सुरू करते आहे. गाइडचं अजून भिजत घोंगडं आहे. सोमवारी 'अवसर'ची माहिती घेऊन जाते.

आता आणखी एका मुलाचं अडलंय. त्याचा विषय गणितातला आहे आणि त्याच्याकडे हातात धरायला बोंडही नाही. गणितवाले कोणी आहेत का इथे?