लेकराची एमसीयू तपासणी : तुम्ही मुलांना कसं तयार केलंत?

रानजाई : काल माळा आवरताना लेकाची एमसीयूची (मूत्राशयात नळीने डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, भरून शू करताना एक्स-रे काढतात ती तपासणी) जुनी फाईल हाताला लागली. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता, ताप सारखा उलटायचा, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय जंतू. आता भाचीच्या मुलीला त्याच तपासणीची तारीख मिळालीय. ऑपरेशन लागेल का, ते त्यानंतर ठरणार. रात्री फोन आला, "मावशी, फार दुखतं का गं?" मी लेकाला आधी काहीच सांगितलं नव्हतं. नळी दिसल्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून विचारतेय.

पाटीपेन्सिल : आमच्याकडे आधी बाहुलीला नळी लागली. शूच्या जागी बारीक नळी, पोट तट्ट भरेल, मग तिथेच टेबलावर शू करायची. ही टेबलावरची गोष्ट नक्की सांगा. अंथरुणात नाही करायची हे आपणच शिकवलेलं असतं, मुलं धरून ठेवतात.

कोकणकडा : उपाशी ठेवायचं का? आमची गुरुवारी आहे

पाटीपेन्सिल : आम्हाला खाऊ घालून आणा म्हणाले. भूल देऊन सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं) असेल तर जेवण 6 तास आधी बंद. तुमच्या डॉक्टरांना विचाराच. कल्चर निगेटिव्ह आलंय ना? आम्हाला त्यावरून एकदा परत पाठवलं होतं.

सातबारा : बायकोला सातवा महिना होता, तिला एक्स-रेच्या खोलीत सोडेनात. शिशाचा एप्रन घालून मीच उभा राहिलो. डाय आत जाताना पोरगा माझं बोट धरून होता. रिफ्लक्स (शू मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे जाणं) ग्रेड 3 निघाला (5 सगळ्यात वाईट). रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. दीड वर्षाने परत केली तेव्हा रिफ्लक्स गेला होता. ऑपरेशन नाही लागलं.

मांजरा_काठ : आम्ही लातूरहून परळला येणार. राहायची सोय?

सातबारा : दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विचारा, केसपेपर जवळ ठेवा.

रानजाई : घरी आल्यावर पहिल्या शूला आग होते, कोमट पाण्याच्या टबात बसवा. पाणी भरपूर. ताप आला तर थांबू नका, लगेच फोन करा.

कोकणकडा : झाली. शू होईचना, सिस्टरांनी नळ सोडून ठेवला तेव्हा झाली. बाहुलीलाही नेलं होतं. रिपोर्ट संध्याकाळी.

पाटीपेन्सिल : शहाणं गं लेकरू. ग्रेड कळली की लिही.